ड्रायरच्या पट्ट्याला तेल

पावसात लेकीचा कंपनीचा युनिफॉर्म ड्रायरशिवाय वाळत नाही. तिच्याकडे जोड एकच आहे आणि त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. सकाळी ड्रायर लावला, तर मोटर गुरगुरली, पण ड्रम फिरेना.

माझं माहेर समुद्रकाठच्या दांडीचं. खाऱ्या हवेत काही कुरकुरलं की बाबा आधी तेल सोडायचे. आदल्या दिवशी हा जुना ड्रायर कुरकुरला, म्हणून मीही मागचं झाकण काढून आतल्या पट्ट्यावर खोबरेल सोडलं होतं.

नवरा म्हणाला, "मोटर गेली. भंगारात टाका." तेलाचं सांगायची मला लाज वाटली. पण लेक ओलाच युनिफॉर्म अंगात घालायला निघाली, तेव्हा मी म्हणाले, "पट्ट्याला मी तेल लावलंय."

"आई, बोंबील तळणार होतीस काय त्यात?"

तेलामुळे पट्टा ड्रमवरून नुसता घसरत होता. प्लग काढून मी तो साबणाच्या फडक्याने पुसला, मग कोरडा केला. पाठ भरून आली. शेवटी ड्रम फिरला. युनिफॉर्मच्या शिवणी थोड्या ओल्या राहिल्या, तरी तोच घालून ती वेळेवर गेली. मी तिथेच लादीवर बसून राहिले.