एकतीस आणि सात

कोडोलीच्या नागसेन आबांचा कुठंही सत्कार असो, लोक एकच गोष्ट मागायचे. “आबा, ती एकतीस-सातची होऊ द्या की!” आणि आबाही असे की, दोनदा म्हणायची वेळ येऊ द्यायचे नाहीत. एका दमात सांगून मोकळे.

गोष्ट साधीच होती. ब्याण्णव साली आबा जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि शिक्षण सभापती झाले. शिक्षण म्हटलं की गडी पेटायचाच. आई यल्लव्वानं दुसऱ्याच्या रानात भांगलण करून ह्याला बी.ए. केलेला. शाळेत पोरं नसताना पगार उचलणारा मास्तर दिसला की आबांच्या डोक्यात तिडीक जायची. त्र्याण्णवच्या एप्रिलात, सकाळच्या शाळेच्या वेळी, राधानगरीच्या वाटेवर एका वाडीच्या शाळेपुढं त्यांनी अचानक जीप थांबवली. पटावर पोरं एकतीस, वर्गात सात. दोन शिक्षकांपैकी भैरवीबाई जाग्यावर नाहीत. म्हातारे कृष्णात गुरुजी घाबरेघुबरे होऊन म्हणाले, “साहेब, ऐका तर खरं…”

“मी ऐकत न्हाय गुरुजी, मी मोजतो!”

इथं सभागृह हसायचं. कोडोलीत हसायचं, शिरोळात हसायचं, एकदा तर मयताच्या बैठकीतही दोघं हसले होते. पुढच्याच सभेत आबांनी ठराव मांडला. खोट्या पटाची शाळा म्हणून बाईंची जागा गेली आणि पाचवी ते सातवीचे वर्ग बंद झाले. वाडीची माणसं दोनदा भेटायला आली, आबांनी दारातूनच परत पाठवली. सापडला की जो तो कारण घेऊन येतो, हे त्यांचं ठाम मत. पुढं पद गेलं, माणसं पांगली, गुडघे गेले. राहिली ती ही गोष्ट. आबांनी ती जिवापाड सांभाळली होती, खोटं कशाला बोला.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये कोल्हापुरात जुन्या शिक्षण सभापतींचा मेळावा भरला. आपण काय केलं, काय राहिलं, हे प्रत्येकानं सांगायचं होतं. भरवणारे तात्या, म्हणजे शहरातले निवृत्त हेडमास्तर आणि आबांच्या आधीचे सभापती. तात्यांनी आबांचं भाषण मुद्दाम शेवटी ठेवलं. “तुमची ती गोष्ट झाली की लोक हसतखेळत जेवायला बसतील,” म्हणाले. फेटा बांधलेले आबा खूश!

तात्यांचं भाषण लांबलं. तात्यांचं ते लांबतंच. आबांना गोळी घ्यायची होती म्हणून ते पाण्यासाठी मागं स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले. तिथं बचत गटाच्या बाया भाकरी थापत होत्या. त्यातली एक पंचविशीची बाई हात पुसत उठली आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“वळीकलं न्हाय न्हवं आबा? मी दीक्षा. तुमी मला पेन दिलतं.”

“कुटं गं?”

“खालच्या गावच्या जयंतीला. लेझमात फुडं हुतो मी.”

आबांना चटकन आठवलं. आठवणारच! आपल्याकडं जयंती काही एकट्या चौदा तारखेला होत नाही. बँडही मिळावा आणि पाहुणेही यावेत म्हणून गावोगाव पुढच्या तारखा धरतात. त्या गावानं तेवीस धरली होती आणि प्रमुख पाहुणे होते आबा. बाबासाहेबांच्या फोटोपुढं पांढऱ्या कपड्यातल्या पोरांनी असं लेझीम खेळलं होतं की आबांचे डोळे भरून आले. पुढच्या पोरीला त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं आणि म्हणाले, “शिक, पोरी. थांबू नगंस.” मग अर्धा तास शिक्षणावर बोलले.

“झ्याक खेळलासा तुमी,” आबा हसून म्हणाले. “कुठल्या शाळंची गं पोरं?”

“वाडीची की, आबा. तुमी सकाळी मोजून गेलतासा त्याच शाळंची.”

आबांच्या हातातली गोळी हातातच राहिली.

“भैरवीबाई आमास्नी पाटंच घिऊन गेलत्या, चोवीस जणास्नी. धाकटी सात तेवढी शाळंत ठिवलीती. गुरुजी सांगत हुतं म्हणं तुमास्नी.”

ती रागानं बोलत नव्हती हो, तिथंच तर सगळं अडलं! रागावली असती तर आबांनी आवाज चढवला असता, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ती आपली भाकरीच्या पिठाचे हात चोळत उभी.

“आनि ते पेन?” आबांनी विचारलं. का विचारलं, त्यांचं त्यांना माहीत.

“हाय की. डब्यात ठिवलंय. चौथीची परीक्षा झाली आनि पाचवी बंद झाली. दुसरी शाळा वड्यापल्याड, दीड कोसावर. आई म्हणाली, ऱ्हाऊ दे. मग कशाला लागतंय पेन?”

तेवढ्यात माईकवर तात्यांनी आबांचं नाव पुकारलं.

शेडपासून स्टेजपर्यंत पन्नास पावलं असतील. तेवढ्या वेळात आबांच्या मनात काय काय आलं! आज ही गोष्ट गाळावी, दुसरी सांगावी. पण दुसरी होती कुठं? सोळा वर्षं एकाच गोष्टीवर माणूस मोठा झालेला. ती काढून घेतली तर नागसेन आबा म्हणून काय उरणार, फेटा? आणि नेहमीसारखी सांगितली तर शेडमध्ये ती ऐकणार.

“एकतीस-सात!” मागून कुणीतरी ओरडलं.

आबांनी सुरुवात केली. जीप आली, पट आला, गुरुजी आले. “मी ऐकत न्हाय गुरुजी, मी मोजतो!” सभागृह खदखदून हसलं. आबा थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले.

“हसू नगासा,” ते म्हणाले. “ती राहिल्याली चोवीस पोरं त्याच दिवशी माज्याफुडं लेझीम खेळत हुती. मी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकीला पेन दिलं, शिक म्हणून सांगितलं, आनि म्हैन्याभरात तिची शाळा बंद केली. गुरुजींचं एक वाक्य ऐकून घेतलं असतं तर भागलं असतं. ही गोष्ट मी सोळा वर्सं मिरवली. लाज वाटती मला.”

पुढच्या रांगेतल्या एकानं उगाच खाकरून घेतलं. आबा खाली उतरले तसे तात्यांनी त्यांचा दंड धरला. “अहो, आजच कशाला काढलंत हे? कुणाला ठाऊक होतं?”

“मला न्हवतं ठाऊक, त्येच तर,” आबा म्हणाले आणि दंड सोडवून थेट शेडकडं गेले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं. आपण बोललो, निभावलं, असंही थोडं वाटत होतं. माणूसच तो.

दीक्षानं तव्यावरची भाकरी उलटली. “ऐकलं मी. बोललासा, बरं झालं,” ती म्हणाली. मग परातीत पीठ ओढत, “पर आबा, माजी संघप्रिया दुसरीत हाय. त्याच शाळंत. अजून चौथीपतोरच हाय ती. फुडं तिनं कुटं जायाचं?”

आबांकडं ना पद होतं, ना जीप. त्यांनी फेटा काढून खांबाच्या खिळ्याला अडकवला, पिठाच्या पोत्यावर बूड टेकलं, मेळाव्याची पत्रिका पाठकोरी बघून मांडीवर घेतली आणि खिशातलं पेन उघडलं.

“वाडीत पोरं किती, त्ये नगं सांगूस. नावं सांग. कोन कितवीत, कुनाचं.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची. उद्या ह्योच कागद घिऊन मी हापिसाच्या दारात बसनार.”

दीक्षानं दुसरी भाकरी थापायला घेतली आणि सांगू लागली. अकरावं नाव झालं तेव्हा तात्या दारात आले. पंगत बसली होती, मानाचा पाट रिकामा होता.

“तुमी बसा जेवायला,” आबा मान वर न करता म्हणाले. “हं, दीक्षा. बोल. ऐकतोय.”