केंदूरच्या सुमनची वही

शनिवार होता, सकाळची शाळा. सत्तरच्या दशकातली गोष्ट, दौंडला मी नववीत होते... आणि त्या दिवशी पुण्याहून एक साहेब प्रोजेक्टर घेऊन आम्हाला कार्टून दाखवायला येणार होते.

माझ्या बाकावर सुमन बसायची. गाव केंदूर, शिकायला मामाकडं दौंडला राहिलेली. रेल्वेच्या हॉलमध्ये सिनेमाच्या आधी एकदा छोटं कार्टून लागलं होतं, तेव्हापासून तिला वेडच लागलं होतं.

जुन्या वहीच्या पानापानाच्या कोपऱ्यात तिनं एक शेळी काढली होती. पानं भराभर सोडली की शेळी कुंपणावरून उडी मारायची आणि गुरुजींची टोपी खाऊन टाकायची! दाखवली फक्त मला.

ती वही मी शुक्रवारी घरी नेली होती. आणि शनिवारी सुमन आलीच नाही... आईला बरं नाही म्हणून गावी गेली होती.

साहेबांनी खिडक्यांना सतरंज्या लावून कार्टून दाखवलं. मग सांगितलं की सिनेमाला आवाजही नव्हता तेव्हापासून कार्टूनमधली पात्रं माणसंच हातानं काढत आलीत, आता तर एका सेकंदाला चोवीस चित्रं. डोकं, कान, पोट सगळं गोल, कारण गोल पटकन काढता येतो. हाताला बोटंसुद्धा चारच... एक बोट कमी केलं की हजारो रेघा वाचतात.

"तुमच्यात कुणी असं काढतं का?" त्यांनी विचारलं.

मी वही नेऊन दिली. खरंच सांगते, सुमनचं नाव सांगायलाच उठले होते... साहेबांनी पानं सोडली, हसले, पुन्हा सोडली. "तू काढलीस?"

मी हो म्हणाले.

त्यांनी मला रंगपेटी दिली. मुख्याध्यापकांना म्हणाले, "या मुलीला वाया घालवू नका. पुढं चित्रकला शिकायला पुण्याला पाठवा, मी बघतो तिचं." मला धड आंबाही काढता येत नव्हता... पुण्याला जायचं मी टाळत राहिले आणि तो विषय तिथंच संपला.

सोमवारी सुमनला मुलींकडून सगळं कळलं. मी रंगपेटी पुढं केली, तिनं घेतली नाही. "ऱ्हाऊ दे. तू दाखवली नसती तर कुणी बघितली असती?" एवढंच म्हणाली. कुणाला सांगितलं नाही, पण नंतर तिनं काही काढलेलं मी पाहिलं नाही. मॅट्रिकच्या आधीच तिचं लग्न झालं.

आठ-नऊ वर्षांनी ती शिक्रापूरच्या स्टँडवर भेटली. सोबत पाचेक वर्षांची मुलगी. सुमन तिला म्हणाली, "ही मावशी बग, लई भारी चित्रं काढायची. पार पुण्याचा सायेब खूश झाला व्हता हिच्यावर."

आवाजात टोमणा नव्हता. तिनं मला सांभाळून घेतलं होतं... अजूनही. पोरगी कौतुकानं माझ्याकडं बघत राहिली.

'तुझी आई काढायची गं...' एवढंच म्हणायचं होतं. मी पोरीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. एसटी आली, दोघी चढल्या, पोरीनं खिडकीतून हात हलवला.

सुमन पाच वर्षांपूर्वी गेली, हे मला परवा कळलं. ती पोर आता पन्नाशीला आली असेल. कुणाच्या ओळखीची असेल तर तिला एवढं वाचून दाखवा... बाळा, मावशी खोटं बोलली होती. चित्रं तुझ्या आईची होती.