मेक्सिकोच्या वाटणीचा घास

माझ्या मामाइतका परक्या देशाशी इमान राखणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. हा देश म्हणजे दुबई-मस्कत नव्हे. तिकडे आमची निम्मी माणसं असतातच. मामाचा देश मेक्सिको. तरुणपणी तो मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. तिथे एका मेक्सिकन दोस्ताने त्याला सांगितलं की मिरची, टोमॅटो, पेरू, सगळ्यांचं माहेर आमच्याकडे. झालं! मामा जन्माचा ऋणी होऊन घरी परतला. बटाटा आणि काजू खरं तर दुसऱ्याच देशांतले, पण मामाने तो सगळा मुलूख परस्पर मेक्सिकोच्या नावावर चढवून टाकला.

तेव्हापासून त्याच्याकडे मुकाट्याने जेवण्याची सोय उरली नाही. एकादशीला मामीने खिचडी वाढली की हा सुरू. "शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, साबुदाण्याचा कंददेखील तिकडचा. आपला उपास त्या लोकांच्या जिवावर चाललाय गो!" मामी म्हणायची, "मग काय, मोडू उपास?" पालीला एका लग्नात तर भर पंगतीत उभं राहून त्याने भाजीतल्या मिरचीचे जाहीर आभार मानले. वधूपिता आपलं नाव कधी येतं याची वाट बघत राहिला. ते काही आलं नाही. आणि रोज जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवून मामा चित्राहुती घालायचा, तेव्हा देवांच्या घासांपलीकडे भाताचा एक जादा घास ठेवायचा. तो मेक्सिकोच्या वाटणीचा. "देवाने अन्न दिलं खरं, पण चव कुणी दिली?" असं वर विचारायचा.

अशा माणसाच्या मुलाने स्पेनमध्ये नोकरी करताना नेमकी मेक्सिकोची मुलगी पसंत केली. आम्हाला वाटलं, मामा आता गावजेवण घालणार. पण त्याने हायच खाल्ली. मुलीचे वडील नव्हते आणि तिची आई आपलं घर, माणसं बघून मगच होकार देणार होती. मे महिन्यात मायलेकी येणार असं ठरलं. एके संध्याकाळी आरे-वारेच्या वाळूत बसून मामा मला हळूच म्हणाला, "अरे, मेक्सिको मी बोटीच्या कठड्यावरूनच पाहिलं. उतरायला मिळालंच नाही कधी. त्या बाई माझ्या खुळाला हसल्या आणि पोराचं लग्न मोडलं, तर?" मामा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

पाहुण्या आल्या. पानं वाढली. मामाने देवांपुरते घास घातले आणि हात आखडता घेतला. मेक्सिकोचं नाव नाही की मिरचीचं नाही. मामीला काही राहवेना. "अहो, तिकडचा घास राहिला ना!" मामाचा चेहरा पडला. बाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं, पंगतीतल्या मिरचीसकट. बाई हसल्या नाहीत. मामाच्या पानाकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आटोपलं.

मग त्यांनी आपल्या पानातला चिमूटभर भात उचलला, मामाच्या घासांशेजारी ठेवला आणि काहीतरी बोलल्या. मुलाने ते मराठीत सांगितलं. "त्या म्हणतायत, त्यांच्या गावात दारोदारी आंबा आहे. आजी सांगायची, तो समुद्रापलीकडून बोटीने आला. आभार कुणाचे मानायचे ते माहीत नव्हतं. आता घर सापडलं."

आयुष्यभर हापूसच्या कलमांखाली बसून मेक्सिकोचे उपकार मोजणारा माझा मामा! त्याने कपाळावर हात मारला. "अगो, आंबा माझ्या ध्यानातच आला नाही!" म्हणाला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "सुटले बाई एकदाची!" म्हणत मामी रसाचं पातेलं आणायला उठली. त्या दिवशी रस कुणी किती वाट्या प्यायलं याला धरबंध राहिला नाही.

लग्न झालं आणि मुलं स्पेनला परतली, विहीणबाई आपल्या गावी. घरात आता दोघंच. मामा मिरचीवर फारसा बोलत नाही आणि मला त्या बडबडीवाचून जेवण अळणी लागतं. जादा घास मात्र चुकत नाही. यंदा एका संध्याकाळी पहिला हापूस चिरला तेव्हा फोड हातात धरून तो कितीतरी वेळ घड्याळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिकडे अजून उजाडलं नसेल, नाही रे?" आणि फोड परत ताटलीत ठेवली. "थांबू थोडं. बाई उठू देत."