घंटी तात्यांबरोबरचे अकरा किलोमीटर

तात्यांच्या दुधात पाणी आहे, असं मी चारचौघांसमोर म्हणालो आणि तसं वहीत लिहिलं. त्यांच्या दुधात पाणी नव्हतं. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, आणि तरी मी पुढची वीस-बावीस वर्षं गप्प राहिलो. तात्यांविषयी काही लिहायचं तर आधी हे लिहायला पाहिजे. त्यांच्या आठवणी काढताना मला अजून सुख होतं, आणि हे लपवून ते सुख घ्यायचा मला हक्क नाही.

गावात त्यांना घंटी तात्या म्हणत. आमच्या गावच्या दूध सोसायटीचं दूध ते वाहायचे. पहाटे वीस-पंचवीस घरांचं दूध गोळा करायचं, सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे, आणि अकरा किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रावर ते पोचवायचं. पन्नाशीचा काटक माणूस. चेनमध्ये अडकू नये म्हणून पायजम्याच्या उजव्या पायाला सुतळी बांधलेली. ती सुतळी लग्नकार्यातही तशीच असायची. घंटी मात्र ते मोकळ्या रस्त्यावरही वाजवायचे. समोर माणूस नाही, कुत्रं नाही, तरी प्रत्येक वळणावर दोनदा ट्रिंग ट्रिंग. मी एकदा विचारलं, "तात्या, कुणासाठी वाजवता?"

"रस्त्यासाठी. कुनाच्या घरात न सांगता घुसतूस का बे तू?"

मी त्याच केंद्रावर दूध तपासायला लागलो होतो. वय चोवीस, नोकरी हंगामी. वडिलांनी त्यांची जुनी सायकल दिली होती आणि मला तिची लाज वाटायची. पहिल्या आठवड्यातच गुडघे धरले. तात्यांनी मला रस्त्यात थांबवलं, खाली उतरवलं, पान्यानं सीट दोन बोटं वर घेतली. म्हणाले, "दिगू, तू सायकलीवर बसत न्हाईस, उकिडवा बसतूस. पाय लांब होऊ दे की जरा." गुडघेदुखी दोन दिवसांत गेली. त्या दिवसापासून आम्ही बरोबर जायला लागलो. साडेपाचला ते आमच्या दारापुढून घंटी वाजवत जायचे आणि मी तोंडातला घास तसाच ठेवून निघायचो.

त्या अकरा किलोमीटरमध्ये मला जे मिळालं ते पुढे मोटारसायकलवर कधी मिळालं नाही. थंडीच्या दिवसांत हँडलवरची बोटं बधिर व्हायची. पाचव्या किलोमीटरला एक धनगर मेंढरं बसवलेला असायचा, त्याच्या शेकोटीला हात धरायचे, दोन शब्द बोलायचे, पुढे निघायचं. ज्वारी हुरड्याला आली की बांधावरून हाक यायची, "तात्या, या की दोन घास!" तात्या खाली न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून, गरम हुरडा तळहातावर फुंकत खायचे. उतरलं की माणूस रेंगाळतो आणि दूध रेंगाळलं की नासतं, असं त्यांचं म्हणणं. येताना कॅन रिकामे असायचे आणि ते असे खडखडायचे की पाखरं उडायची. "आपला बँडबाजा," तात्या म्हणायचे. जाताना जबाबदार माणूस, येताना मोकळा. मी पुढं गेलो की मागून ओरडायचे, "हळू बे, नवरी पळून चालली न्हाई!"

खड्ड्यांना त्यांनी नावं ठेवली होती. ज्या पुढाऱ्याच्या काळात रस्ता झाला, त्याच्या हुद्द्याचं नाव खड्ड्याला. हा सभापतीचा, हा आमदाराचा. सगळ्यांत मोठा, ओढ्याजवळचा, तो चेअरमनचा. सोसायटीच्या चेअरमननीच एकदा विचारलं, "तात्या, माझा लई खोल हाय म्हनं?" तात्या गंभीरपणे म्हणाले, "व्हय. पन तुमचा लांबून दिसतूय तरी. आमदाराचा दिसत न्हाई, थेट कंबरडं मोडतूय." चेअरमन हसले, पण मुरूम काही पडला नाही.

सहाव्या किलोमीटरनंतर उतार लागायचा. तिथं तात्यांचा एकच नियम होता, उतारावर बोलायचं नाही. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, त्यामुळे ब्रेकवर चार बोटं अलगद ठेवलेली, पायडल थांबलेलं, आणि अंगावरून वारा जायचा. चढावर आलेला घाम त्या एका मिनिटात गार व्हायचा. खाली पोचल्यावर ते मान वळवून माझ्याकडं बघायचे, जणू ते सगळं त्यांनीच मला दिलं होतं. मी एकदा म्हणालो, "पगार झाला की गाडी घेतो तात्या, लवकर पोचेन." ते म्हणाले, "घे की. पन गाडीवाला गावाला जातूय, सायकलवाला रस्त्यानं जातूय. तुपलं तू बघ."

उताराच्या खाली हातपंप होता. कॅनभोवती गुंडाळलेली गोणपाटं तात्या रोज तिथं पुन्हा ओली करायचे. ओल्या गोणपाटात दूध गार राहतं. हातपंपाचा दांडा मी मारायचो. पहिलं पाणी गोणपाटाला, मग आमच्या तोंडाला, हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. हुरडा नव्हता, कारण ज्वारीच नव्हती. धनगर मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, निघून गेला. फेब्रुवारीत हातपंपाचा नुसता खडखड आवाज यायला लागला. तात्यांनी गोणपाटं तशीच कोरडी गुंडाळली. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. गाईंच्या पुढ्यात उसाचं वाळकं वाढं पडायचं आणि दूध निम्म्यावर आलं होतं. तरी सोसायटी चालू होती. त्या वर्षी कित्येक घरांत चूल पेटत होती ती त्या दुधावर, आणि ते दूध तात्यांच्या सायकलवर होतं.

एप्रिलमध्ये वरून केंद्राला हुकूम आला. भेसळ वाढली आहे, पाणी सापडलं तर दूध जागीच ओतून द्या. त्या आठवड्यात एक सुपरवायझर येऊन माझ्या टेबलाशेजारी बसला. माझी नोकरी कायम करायची शिफारस त्याच्या हातात होती.

त्या दिवशी टँकर उशिरा आला. गाईंना पाणी मिळालं नव्हतं, त्यामुळे धारा उशिरा झाल्या. मी वेळेवर एकटाच निघून गेलो. तात्या थांबले. शेवटचं घर एका एकट्या बाईचं होतं, तिची एकच गाय, तिचं दीड लिटर राहू नये म्हणून थांबले. केंद्रावर पोचले तेव्हा अकरा वाजायला आले होते. ऊन असं होतं की कॅनला हात लावला तर चटका बसत होता.

मी त्यांचं दूध नळीत घेतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. दुधात पाणी असलं की ही काचेची तरंगती नळी खोल बुडते आणि डिग्री कमी दिसते. डिग्री अठ्ठावीस तरी यायला हवी. पंचवीस आली.

इथं मला थांबून सांगायला हवं. पाणी नसलं तरी गरम दुधात लॅक्टोमीटर खोल बुडतो. आधी दुधाचं तापमान बघायचं आणि त्याप्रमाणे डिग्री वाढवून धरायची, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं. थर्मामीटर माझ्या खणात होता. मी खण उघडला नाही. मागं रांग होती हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं. तात्या माझ्याबरोबर रोज येतात, हे सुपरवायझरला कुणीतरी सांगितलं होतं. सकाळीच तो हसत म्हणाला होता, "तुमच्या पाहुण्याचं दूध आलं नाही अजून?" ओळखीला मी भुलत नाही, हे मला त्याला दाखवायचं होतं.

मी म्हणालो, "तात्या, पाणी आहे."

तात्यांना आधी वाटलं, मी प्यायला पाणी विचारतोय. "राहू दे," ते म्हणाले, "आधी दूध उतरून घे."

"दुधात. दुधात पाणी आहे."

रांगेतला एकजण फिसकन हसला. तात्यांनी वाकून कॅनमध्ये बघितलं. मग म्हणाले, "आरं, प्यायला न्हाई पानी. दुधात कुठून घालू?"

सगळे हसले. तात्या विनोद करत नव्हते, पण लोकांना तो विनोद वाटला. सुपरवायझरनं मान हलवली. शिपायानं दोन्ही कॅन उचलून मोरीत ओतले. पंचवीस घरांचं दूध. मी वहीत लिहिलं आणि सहीसाठी वही पुढं केली. तात्यांना सही यायची. सावकाश, पूर्ण नाव लिहायचे. त्यांनी सही केली, वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "बरं, साहेब."

त्याआधी त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

नाकारलेल्या दुधाचा नमुना बाटलीत ठेवायचा नियम होता. संध्याकाळी सुपरवायझर गेल्यावर मी ती बाटली थंड खोलीतून काढली, थोडा वेळ बाहेर ठेवली, आणि या वेळी थर्मामीटर लावला. तापमान बरोबर आल्यावर लॅक्टोमीटर सोडला. अठ्ठावीस. मी पुसून पुन्हा सोडला. अठ्ठावीस. मी वही उघडून दुरुस्ती करू शकत होतो. ती बाटली सकाळी गावात नेऊन सोसायटीच्या दारात दाखवू शकत होतो. मी ती मोरीत रिकामी केली आणि धुऊन ठेवली.

आमच्या गावचं दूध पंधरा दिवस बंद ठेवलं गेलं. ऐन दुष्काळात पंचवीस घरांचं दूध घरात नासलं आणि ते कुणामुळे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. बायका तात्यांच्या दारावरून जाताना बोलून जायच्या. पोरं "पाणी तात्या" म्हणायला लागली. नंतर दुसरा माणूस लागला, मग टेम्पो आला. तात्यांनी सायकल विकली नाही आणि चालवलीही नाही. नांदूरघाटच्या बाजाराला ते चालत जायचे, तेही रस्ता सोडून बांधाबांधानं. मी सायकलवरून जाताना ते लांबून दिसायचे. माझी नोकरी कायम झाली. सहा महिन्यांत मी मोपेड घेतली. लोकांना वाटलं, पोरगं सुधारलं. खरं म्हणजे त्या उतारावर मला गप्प बसवत नव्हतं.

तीन वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर दावं वळत बसले होते. मी सगळं सांगितलं, खणापासून बाटलीपर्यंत. सांगताना रडलो. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, "दिगू, दूध ऊन झालंतं हे मला वाटंतच कळलंतं. मला कावून सांगतूस हे?"

"मग कुणाला सांगू?"

"त्यायला. ज्यांच्या म्होरं बोल्लास त्यायला. मपल्या एकट्याला सांगून तुपलं वझं उतरंल, मपलं कसं उतरंल?"

आतून काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या. तात्या लगेच म्हणाले, "दिगूला साखर जरा जादा टाक, बारीक झालाय पोरगा." मी चहा प्यायलो. सोसायटीच्या पुढच्या सभेत सांगतो, असं वचन दिलं.

पुढच्या सभेत मी जाऊन बसलो. एक विषय झाला, दुसरा झाला, आभार झाले. मी उठलो तो चहाला. तात्या सभेला येत नसत. दुसऱ्या दिवशी ते वाटेत भेटले. मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, "काय म्हनतंय केंद्र?" बस एवढंच. नंतर जितकी वर्षं ते जगले, तितकी वर्षं भेटल्यावर हेच विचारायचे. दुसरं काही त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत तात्या गेले. मी खांदा दिला. तोंड उघडलं नाही.

सोसायटीची वार्षिक सभा यंदा मारुतीच्या पारासमोर मंडप टाकून झाली. पहिला विषय दरवर्षीचा, वर्षभरात वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली. सचिवानं नावं वाचली. तात्यांचं चौथं होतं. सगळे उभे राहिले. काकू सभासद म्हणून तात्यांच्या जागी आल्या होत्या, बायकांच्या बाजूला मंडपाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. दोन मिनिटं झाली, सगळे बसले. मी उभा राहिलो.

नवा चेअरमन तिशीतला आहे. म्हणाला, "बसा की साहेब, चहा शेवटाला हाय." लोक हसले.

मी म्हणालो, मला तात्यांविषयी बोलायचं आहे. मग सांगितलं. कोरडी गोणपाटं, अकरा वाजताचं ऊन, माझा न उघडलेला खण, संध्याकाळची बाटली. या वेळी रडलो नाही. रडलो असतो तर लोकांनी मला खाली बसवलं असतं.  मागून एक म्हातारा ओरडला. त्या पंचवीस घरांतलं एक घर त्याचं होतं.

"तवा कावून न्हाई बोल्लास बे? मानूस मेल्यावर बोलतूस?"

"भ्यालो," मी म्हणालो. "आधी नोकरीला भ्यालो. मग तुम्हाला."

"आमी त्याला काय काय बोललो, तुला म्हाईत हाय का?"

"माहीत आहे. ते सगळं माझं होतं. त्यांनी घेतलं."

म्हातारा खाली बसला. मी बायकांच्या बाजूला वळलो. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, डोळे माझ्यावर होते. मी हात जोडले.

"काकू, तात्यांनी पाणी घातलं नव्हतं. मी खोटं बोललो, आणि खोटं आहे हे कळल्यावर ते लपवलं. तात्यांनी मला हे त्यांच्या जिवंतपणी इथं येऊन सांगायला सांगितलं होतं. मी आलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा."