रामरावचा धुरा

रामराव माळ्याच्या आणि माझ्या वावराच्या मध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. आमच्या तिवशाकडे शेतकऱ्याची इज्जत धुऱ्यावर ठरते. धुरा साफ तर माणूस कष्टाळू. रामरावच्या बाजूला मात्र कायम कमरेएवढं गवत. तिथं तो तीस वर्षं पालथा पडून मधमाश्या पाहत आला. मी त्याला तोंडावर येडा म्हणायचो.

त्या पोळं करणाऱ्या माश्या नव्हत्या. काळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. एकेक मादी धुऱ्यात आपलं वेगळं बीळ करायची आणि सकाळीच त्याच्या कारल्याच्या फुलांवर हजर व्हायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं तारखांसकट त्यांची चित्रं काढली होती. दुसरीकडे कुठेच त्या त्याला सापडल्या नाहीत. तरी एकही माशी त्यानं मारून ठेवली नाही. नुसतं नाव द्यायला जीव कशाला घ्यायचा, असं म्हणायचा.

मागच्या वर्षी अकोल्याच्या कीटकअभ्यासक दामिनी मॅडमनी ती चित्रं पाहिली. ही माशी कदाचित कुठे नोंदलेलीच नसेल, भादव्यात येऊन पाहते, असं त्यांनी कळवलं. म्हातारा हरखला. नीट दिसावं म्हणून त्यानं मोतीबिंदू काढून घेतला आणि पंधरा दिवस अमरावतीला लेकीकडे राहिला.

इकडे त्याची बायको, सत्यभामावहिनी, माझ्याकडे आली.

“पावने येऊन राहिले भाऊ, अन् धुऱ्यावर जंगल. लोक काय म्हनतीन?”

मला तेच हवं होतं. मी तणनाशक फवारलं, गवत वाळल्यावर फावड्यानं सगळं खरवडून सपाट केलं. वहिनीनं मॅडमना बसायला तिथं सतरंजी अंथरली.

रामराव आणि मॅडम एकाच सकाळी पोचले. नव्या डोळ्यांना ढेकूळ न् ढेकूळ दिसत होतं; बीळ एकही नव्हतं. मॅडम दोन दिवस जाळं घेऊन कारल्याच्या मांडवात फिरल्या. एकही माशी मिळाली नाही. नुसत्या चित्रावर नोंद होत नाही, एवढं सांगून गेल्या.

“माह्यं काई चुकलं का?” वहिनीनं विचारलं.

“नाई वं. पावन्यासाठी केलं तू.”

माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा गवत पुन्हा कमरेएवढं झालंय. मी हात लावत नाही. माश्या आल्या नाहीत. रोज सकाळी रामराव मांडवात उभा राहून नराचं फूल खुडतो आणि हलक्या हातानं मादीच्या फुलाला लावतो, एकेक करून.