राजेशच्या घरावर कवेलू चढले

"ताई, घर बांधलं. आता कवेलू चढवाचे आहेत, येजा." नव्या घरावर कौलं चढवायला बोलावणारा राजेशचा फोन आला आणि मी हो म्हणून टाकलं. आयटीआयला असताना तो चंद्रपुरात आमच्या मागच्या खोलीत राहायचा. आता एटापल्लीकडे खाणीवर डंपर चालवतो, पगार चांगला आहे. कुरखेड्याच्या पुढचं त्याचं गाव मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

जायचं असेल तर चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीची एसटी घ्या, तिथून कुरखेड्याची. बायकांना अर्धं तिकीट. मूलला गाडी थांबली की तर्री-पोहे खाऊन घ्यावेत. उन्हासाठी दुपट्टा हवाच. कुरखेड्यापासून राजेशची मोटारसायकल. डांबरी रस्ता थेट गावात जातो आणि दोन्ही बाजूंनी मोहाचा वास.

त्याची आई सोमारीबाई नळावर भांडी घासत होती. मी उत्साहाने म्हणाले, "किती शांत आहे इथे! जुनं गाव तसंच राहायला हवं होतं."

"डोक्यावर पानी आनत होतो तवा काऊन नाई आली पाहाले?" ती हसत म्हणाली. तिचं बरोबर होतं.

गावाची रीत अशी: घरावर कवेलू चढवायचे तर घरधनी दारोदार जाऊन बोलावतो, प्रत्येक घरातून एकजण येतो, मजुरी नाही, फक्त जेवण. राजेशला ते पटेना. आता प्रत्येकाची रोजी वाढली आहे, ती बुडवून फुकट राबवायचं कसं? त्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'उद्या कवेलू चढवाचे आहेत. रोजी पाचशे.' मला विचारलं तेव्हा मीही म्हणाले, योग्यच केलंस.

सकाळी कुणीच आलं नाही. ऊन चढलं, भात निवला. सोमारीबाई उघड्या वाशांकडे बघत बसली. गाव आलं नाही तर या घरात राहायला जाणार नाही, एवढंच ती म्हणाली.

शेजारचे मंगरूकाका बैल घेऊन चालले होते. "काऊन बे राजेश, ठेकेदार झाला का तू?"

"काका, तुमची रोजी बुडते म्हनून..."

"बुडू दे! तुह्या बाच्या मयतीलेबी बुडली होती. तवा कोनं बिल पाठवलं का?"

राजेशचं तोंड उतरलं. माझंही. मग त्याने ग्रुपवरचा निरोप पुसला आणि आईला घेऊन पहिल्या दारात गेला. "तुमीबी चला, ताई." प्रत्येक दारात तेच वाक्य: "उद्या घरावर येजा." कुणी टोमणा मारला, कुणी आधी पाणी दिलं. नाही कुणीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. रस्त्याच्या कामावरची माणसं खाडा करून आली होती, मोटारसायकली कुंपणाला टेकवून. अंगणापासून वाशांपर्यंत रांग लागली आणि कवेलू हातोहात वर चढू लागले. रांगेत मीही होते. "ताई, फेकू नोका, पोह्याची प्लेट नाई हे!" वरून मंगरूकाका ओरडले.

जेवताना सोमारीबाई पंगतीकडे बघत म्हणाली, "ह्याच्या बाच्या घराले कवेलू चढवाले तीनच घरं बोलावले होते. जास्तीले खाऊ काय घालू? आज पुरा गाव जेवला." तिच्या आवाजातला ताठा ऐकून मलाच उगाच अभिमान वाटला.

घरी आल्यावर मी बराच विचार केला. जुनं गाव तसंच राहावं म्हणताना, वाढत्या मजुरीने ही माणसं बिघडतील, अशी मला भीती होती, आणि तिच्यात माझा शहाणपणाचा आव बराच होता. मजुरी वाढली म्हणूनच सोमारीबाईला अख्खं गाव बोलावता आलं, आणि गावाला एक दिवस तिला देता आला. पण पैसा आपणहून दारोदार गेला नसता, राजेशलाच जावं लागलं. माझं उत्तर सध्या एवढंच आहे.

काल त्याचा फोन आला. मंगरूकाकांचा गोठा शाकारायचा आहे, म्हणून खाणीवरून बिनपगारी सुट्टी काढलीय. पगार सांगतानाही त्याचा आवाज कधी एवढा ताठ नव्हता.

"काकानं तुमालेबी बोलावलं हाय, ताई."

मी रजेचा अर्ज टाकलाय.