गजभिये मॅडमची सही

अरुणाचलातल्या नदीवर आठ दिवस काढून आम्ही गाडीरस्त्याला लागलो आणि माझ्या फोनला रेंज आली. नखांत अजून वाळू होती. पहिलं काम केलं ते गजभिये मॅडमना, म्हणजे आमच्या डॉक्टरना, निरोप धाडायचं : "मॅडम, उलटलो. दम्याचा पंप गळ्यातच होता. तुम्ही जिंकलात." मग मुलीचे साचलेले निरोप वाचायला घेतले. चौथा की पाचवा होता… बाबा, गजभिये मॅडम गेल्या. झोपेतच. आम्ही पाण्यात उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी गाडीत तसाच बसून राहिलो. बाहेर सोबतचे लोक चहा पीत हसत होते आणि मला त्यांचा राग आला, खरं सांगतो.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला, पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. बाई मूळच्या नागपूरकडच्या, पुण्यात तीस वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली आम्ही निम्मी माणसं त्यांची पेशंट. मला तरुणपणापासून दमा. तपासणी विभागात छत्तीस वर्षं नोकरी केली, तीही अशा जागी, की फाटकाशी काडेपेटी काढून ठेवायची आणि आत धावायचंसुद्धा नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर एकदा तरी ओरडत पाण्यावरून सुसाट जावंसं वाटलं तर नवल काय? जंगलातून वाहणारी नदी, आठ दिवस राफ्टवर, काठाला रस्ता नाही, गाव नाही. माहिती वाचूनच माझी झोप उडाली होती. पण आयोजकांना डॉक्टरची सही हवी होती आणि मुलीने बजावलं होतं, मॅडमनी सही केली तरच. म्हणजे सगळं त्या एका सहीवर येऊन थांबलेलं.

मी कागद पुढे केला. त्या वर न बघता म्हणाल्या, "नाही."

"मॅडम, आधी वाचा तरी."

"वाचते न. पण नाही म्हणून ठेवलं." ही त्यांची रीतच होती. आधी नाही म्हणायचं आणि मग त्या नाहीचं हो कसं करता येईल, याच्या मागे हात धुऊन लागायचं. त्यांनी विचारलं, "दम लागला तर दवाखाना किती तासांवर?" मला ठाऊक नव्हतं. छातीचे ठोके, झोप, जिना चढताना लागणारी धाप, सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो, हे सोडून. त्यांनी तिथूनच आयोजकाला फोन लावायला लावला. तो म्हणाला, दोन दिवस, तेही पायी. मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे दोन दिवस तुमचे डॉक्टर तुम्हीच. या पुढच्या आठवड्यात, सगळं सामान घेऊन."

मी गेलो. जय्यत तयारीनिशी. पंप, गोळ्या, मलम, पट्ट्या, सगळं एका पाणी न शिरणाऱ्या डब्यात कप्पे करून, चिठ्ठ्या लावून. शाबासकीची वाट बघत उभा. त्यांनी डबा उघडला, एकेक वस्तू पाहिली आणि झाकण लावलं. "साळवेभाऊ, कारखान्यात सगळा दारूगोळा एकाच कोठारात ठेवता का हो?" दवाखान्यात बसलेले आमचेच दोन जुने सहकारी खो खो हसले. छत्तीस वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवत आलो होतो, कोठारं लांब लांब, एक गेलं तरी बाकीची शाबूत. आणि स्वतःचा जीव एका डब्यात भरून मोकळा झालो होतो. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

त्यांनी तीन पंपांची तीन ठिकाणं ठरवली : एक माझ्या गळ्यात, एक वाटाड्याकडे, एक दुसऱ्या राफ्टवर. मग खालच्या रसवंतीतून बर्फ मागवला, माझे हात त्यात बुडवून ठेवले आणि म्हणाल्या, "आता पंप उघडा." बोटं लाकडासारखी. टोपण निघेना. पेशंट आपापली दुखणी विसरून बघत होते. "दातानं ओढा न," त्या म्हणाल्या. आठव्या की नवव्या खेपेला जमलं, तेव्हा त्यांनी सही केली, आणि मला वाटलं त्यांनाच माझ्याहून जास्त आनंद झालाय. "मस्त जाऊन या भाऊ. मला तर पाण्याचं लय भेव वाटते."

पाचव्या दिवशी राफ्ट उलटली. औषधांचा डबा बांधलेला सुटला आणि डोळ्यांदेखत वाहून गेला. बर्फगार पाण्यात मी खडकाला धरून होतो, छाती आवळलेली, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बोटं लाकडासारखी. टोपण दातानं ओढलं… दोन झोत, मग आणखी दोन. श्वास मोकळा झाला आणि मी मोठ्यांदा हसायला लागलो. सोबतच्यांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मला एवढंच सुचत होतं, की हे मॅडमना कसं रंगवून सांगायचं. तीन दिवस झाले होते त्यांना जाऊन. मला ठाऊक नव्हतं, आणि बरंच झालं म्हणायचं.

परवा पुढच्या मोसमाचा कागद घेऊन मी घराजवळच्या नव्या डॉक्टरांकडे गेलो. मुलगा हुशार आहे, हसरा आहे. नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि म्हणाला, "काका, एकदम फिट आहात, खुशाल जा," आणि सहीला पेन टेकवलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आधी एकदा नाही म्हणा."

तो गोंधळला, पण त्याने पेन खाली ठेवलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "आता विचारा, दवाखाना किती तासांवर आहे."